डीप हाऊस आणि डिस्को : नवीन काय ऐकताय? (सांगली-मिरजेकडचे असाल तर कशावर ऐकता तेही सांगा)

विश्रामबागवाला

नमस्कार मंडळी. इथं नाट्यसंगीतावर धागे आहेत, गझलेवर आहेत, मागे बँजो पार्टीवर एक झकास धागा येऊन गेला. डीप हाऊस आणि डिस्कोवर मात्र शोधूनही काही सापडेना, म्हणून हा काढतोय. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात हे ऐकणारी चार-पाच टाळकी तरी असतीलच.

नवख्यांसाठी थोडक्यात. चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा ठोका), दुसरी-चौथीवर टाळी, दोन किकच्या मधल्या फटीत हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी). वेग मिनिटाला साधारण ११८ ते १२५. हा सांगाडा डिस्कोचाही आणि हाऊसचाही. डिस्कोत तो हाडामांसाचा ड्रमर वाजवतो आणि वर व्हायोलिनांचा ताफा असतो, हाऊसमध्ये ड्रम मशीन. त्यातल्या 'डीप'मध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लांब रेंगाळतात, गायक असलाच तर अर्ध्या आवाजात गातो, आणि पाच मिनिटं झाली तरी 'आता ड्रॉप येणार' (सगळं थांबून एकदम बेस आदळणार) असं काही होत नाही. ड्रॉपची वाट बघणाऱ्यांनी इथूनच मागं फिरलेलं बरं.

आता गेल्या काही वर्षांत मला लागलेलं.

मिस्टर फिंगर्स, म्हणजे शिकागोचा लॅरी हर्ड. 'अराउंड द सन, पार्ट १', २०२२, स्वतःच्याच लेबलवर. याच माणसानं १९८६ साली एक जुनो-६० सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि एक ९०९ ड्रम मशीन एवढ्या भांडवलावर 'कॅन यू फील इट' करून डीप हाऊसचा पाया घातला. साठी ओलांडली तरी हात तसाच, कुठं घाई नाही की कुणाला काही दाखवायचं नाही.

केरी चँडलरचा 'स्पेसेस अँड प्लेसेस', हाही २०२२चा. वेगवेगळ्या क्लबांत जाऊन, त्या त्या जागेत बसून केलेले ट्रॅक. अल्बम लांबलचक आहे, एका बैठकीत संपवायला जाऊ नका, अजीर्ण होतं.

केओस इन द सीबीडी, 'अ डीपर लाइफ', २०२५. न्यूझीलंडचे दोघे भाऊ, मुक्काम लंडन. दुपारी लावायचं संगीत.

डिस्को हवा असेल तर जेसी वेअरचा 'दॅट! फील्स गुड!' (२०२३). खरे ब्रास आहेत आणि बाई मोकळ्या गळ्यानं गाते. त्याच वर्षीचा डिस्क्लोजरचा 'अल्केमी' बाहेरचा एकही सॅम्पल (दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेला तुकडा) आणि एकही पाहुणा गायक न घेता केलाय. हिशेब चोख, पण मला कोरडा वाटला. भांडायला या.

आणि हे सगळं कशावर ऐकता ते नक्की लिहा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून 'यात आहे काय?' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

कॅसेटची_रीळ

वाचनखूण साठवली. पुढील लेखनास शुभेच्छा.

हरभटरोड

डिस्को म्हणजे आमच्या पिढीला १९८२ साल, मिथुन आणि बप्पीदा. तिथं विषय संपला. हे डीप-बीप हाऊस म्हणजे पुण्या-मुंबईच्या, नाहीतर गोव्याच्या श्रीमंताघरची थेरं. हातात ग्लास आणि चेहऱ्यावर कंटाळा.

रात्रपाळी

हरभटरोड काका, गोव्याचं माहीत नाही, पण मूळ घर अजिबात श्रीमंत नाही हो.

शिकागोत १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा क्लब निघाला. तिथं फ्रँकी नकल्स गाणी लावायचा. येणारी पोरं मुख्यतः काळी आणि लॅटिनो, त्यातली बरीचशी समलिंगी. दुसरीकडं कुठं जावं तर दारातून परत. 'हाऊस' हे नाव याच क्लबवरून आलं असं मानतात.

मग १२ जुलै १९७९. शिकागोच्याच कोमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, एका रेडिओवाल्यानं डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवला. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. नवीन माल येईना, मग डीजे लोकांनी जुन्याच तबकड्या लांबवल्या, टेपची कापाकापी केली, खाली ड्रम मशीन सोडलं. ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता म्हणून हाऊस तसं वाजतं. थेरं करायला पैसे लागतात, इथं तर तेच नव्हते.

आणि बप्पीदा लाडकेच, पण त्यांच्याआधी बिद्दू. आपल्या बंगळुरूचा माणूस, लंडनला गेला आणि १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' करून बसला. १९८० साली 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं त्याचंच. नाझिया तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची.

मी ऐकते ते हेडफोनवर. ड्यूटीवरून पहाटे घरी आल्यावर लॅरी हर्ड लावला की डोक्यातले मॉनिटरचे आवाज बंद होतात.

हरभटरोड

रात्रपाळी ताई, बिद्दूचं माहीत नव्हतं. बाकी ग्लास आणि कंटाळा यावर मी ठाम आहे.

बेसमास्तर

रामराम. आपला धंदा डॉल्बीचा, तासगाव रोडला गोडाऊन हाय. आता शिव्या घालायला सुरुवात करा, सवय हाय.

पण एक सांगतो वो. विश्रामबागवाले साहेब म्हणतात कशावर ऐकता ते सांगा, ते शंभर टक्के बरोबर. तुम्ही दिलेलं ते फिंगर्सवाल्याचं जुनं गाणं गोडाऊनमध्ये आपल्या सेटवर लावलं. नुसता धप्प धप्प. बेसची चाल कळंना. मग त्येच गाणं घरातल्या पोराच्या साध्या बुकशेल्फ स्पीकरवर लावलं, तर बेस खाली-वर फिरतोय, सूर बदलतोय! म्हटलं ही काय भानगड.

भानगड अशी हाय. आपला अठरा इंची बेस मिरवणुकीसाठी बनवलेला. ट्रॅक्टरवर, उघड्या रस्त्यावर, जनरेटरवर चालणार, लांबच्या माणसाच्या छातीत लागला पायजे. त्यो साधारण ५० ते ७० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) एका पट्ट्यात जीव तोडून वाजतो. बाकीच्या सुरांचं त्याला काय पडलेलं नसतंय. साउंड चेकच्या ट्रॅकला तेवढंच लागतंय, तिथं बेसला चाल नसतीच, नुसता दणका. ह्या हाऊसमध्ये मात्र बेसवालाच गातोय. ५५ हर्ट्झचा सूर गेला, त्याच्यामागं ४१चा आला, आपल्या पेटीत पहिला डबल आणि दुसरा गायब. मग गाणं कसं कळायचं?

नाद हाय राव ह्या गाण्यात. पण आपल्या सेटवर नाय.

विश्रामबागवाला

बेसमास्तर, दंडवत घ्या! मला जे चार परिच्छेदांत सांगता आलं नसतं ते तुम्ही गोडाऊनमध्ये करून बघितलंत.

यात खोलीचं गणितही जोडतो, कारण घरी ऐकणाऱ्यांचा घोळ तिथंच होतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. ५० हर्ट्झची एक लाट झाली जवळजवळ ७ मीटर लांब. आपली खोली दहा बाय बारा फुटांची. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास, बरोबर अर्धी लाट. त्यामुळं त्या खोलीत ४७-४८ हर्ट्झच्या जवळचा सूर भिंतीला लागून घुमतो आणि शेजारचे सूर त्याच्यापुढं फिके पडतात. वर स्पीकर कोपऱ्यात ठेवला असेल तर बघायलाच नको.

उपाय फुकट आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, भिंतीपासून हातभर पुढं. तुमची खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्यावर नको, मध्यावर तोच सूर मरतो. मागं कपड्यांचं कपाट किंवा गाद्यांची चळत असली तर वरच्या सुरांचा घणघणाट थोडा आटोक्यात येतो, मात्र खालच्या बेसला गाद्यांचा काही फरक पडत नाही, दुकानदार काहीही सांगो. मोबाईलवर तर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही निघतच नाही, म्हणजे डीप हाऊसमधला 'डीप' वजा.

कंदी_पेढा

साताऱ्याहून हजेरी. मी यवतेश्वर घाट चढताना गाडीत ऐकतो. गाडीत सगळंच भारी वाटतं, त्यामुळं माझं मत धरू नका.

जेसी वेअरला +१. अल्केमीबद्दल मात्र भांडायला आलोय. सॅम्पल घ्यायचं नाही असं ठरवून केलेलं काम आहे, त्यात कोरडेपणा येणारच, पण हाडं दिसतात ना! ड्रम कुठं कसा बसवलाय ते त्यात जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं बाकीच्या गर्दीत येत नाही.

आणि २०२२ म्हटल्यावर बियॉन्सेचा 'रेनेसाँ' कसा विसरलात? त्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात डोना समरचं १९७७चं 'आय फील लव्ह' घेतलंय. तेच ते, जॉर्जिओ मोरोडरनं मूग सिंथवर केलेलं. डिस्कोतून ऑर्केस्ट्रा हाकलून देऊन अख्खं गाणं यंत्रावर उभं केलं, किक ड्रम तेवढा माणसाकडून वाजवून घेतला. पुढच्या सगळ्या वंशावळीचं मूळ तिथं सापडतं.

विश्रामबागवाला

विसरलो नाही, मुद्दाम टाळला. तो सगळ्यांपर्यंत आपोआप पोचलाय, धाग्याची गरज नाही. अल्केमी उद्या परत ऐकतो, पण मत बदलेल असं वाटत नाही.

तारजवारी

मिरजेहून. आमच्या घरात सतार-तंबोरे करण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, ते वाचलं असेलच). मी कामाला बसलो की कानात हाऊस असतं. वडिलांना वाटतं मी अब्दुल करीम खाँसाहेब ऐकतोय. वाटू दे.

तुमच्या यादीत नवीन खूप आहे, पण एक जुनं-नवं नाव राहिलंय, आणि ते आपल्या अंगणातलं आहे. चरणजित सिंग. मुंबईत हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२ साली त्यानं एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी केली. रोलंडची तीन यंत्रं : ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ. भैरवनं सुरुवात, मग ललित, भूपाली, तोडी असं करत बैरागीपर्यंत दहा राग. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली हॉलंडच्या एका छोट्या लेबलनं पुन्हा काढली आणि तिकडं बोंबाबोंब झाली, कारण ३०३चा तसला चिवचिवाट शिकागोतून 'अॅसिड ट्रॅक्स' या नावानं बाहेर पडला १९८७ साली. म्हातारपणी त्यांना युरोपात बोलावणी आली. २०१५ साली गेले.

त्या पोरांनी यांचं ऐकून केलं असं अजिबात नाही. दोघांच्या हाती एकच यंत्र पडलं आणि दोघांनी त्याचं कान पिळणं शोधून काढलं, इतकंच.

मला त्यात सगळ्यात काय भावतं सांगू का? ३०३ला 'स्लाइड' आहे, म्हणजे एका सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जाता येतं. आणि फिल्टरची खुंटी हळूहळू फिरवली की आवाज बंदिस्त असतो तो उघडत जातो. आम्ही घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानस मारून जवारी काढतो तेव्हा नेमकं हेच ऐकत असतो. तार तीच, सूर तोच. केसभर घासलं की वरचे स्वर जागे होतात, जास्त घासलं की आवाज पत्र्यासारखा चिरकतो आणि घोडी परत करायला लागते. फिल्टरवाल्याला एक सुख, चुकलं तर खुंटी मागं फिरवता येते.

कृष्णाकाठ

क्षमा करा, पण ललित डिस्कोवर? ललितात दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, त्या दोघांच्या मधल्या जागेत अख्खा राग राहतो. तिथं थांबावं लागतं. खाली धडधड चालू असताना थांबणार कुठं? मिरजेच्या उरुसातल्या संगीत सभेला लहानपणापासून रात्र-रात्र बसलोय, हे पचणार नाही. रागाच्या नावावर स्वरांची पट्टी वाजवलीय, बस.

तारजवारी

काका, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. ललित त्यांच्याकडं फसलाय असं माझंही मत आहे, पळत सुटतो. भैरव मात्र ऐकाच. कोमल रिषभावर आंदोलन नाही, ते त्या यंत्रात शक्यच नव्हतं, पण खालचा बेस चक्रासारखा फिरत राहतो आणि वर ज्युपिटर मोकळा हिंडतो. एकल तबल्याखाली पेटीवर तीच ओळ फिरवत राहणारा लेहरा असतो, तसंच इथं झालंय. आवर्तन धरून ठेवायचं काम बेसकडं.

आणि थांबण्याबद्दल म्हणाल तर डीप हाऊसमध्येच थांबायला जागा आहे. १२० च्या वेगाला चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा. सोळा मात्रा आठ सेकंदांत. लॅरी हर्ड एक कॉर्ड धरतो आणि आवर्तन जाऊ देतो. मध्य लयीच्या तीनतालापेक्षा फार वेगळं चाललेलं नसतं. तुम्ही किक मोजू नका, आवर्तन मोजा.

कृष्णाकाठ

आवर्तन मोजून बघतो. पण खाली, तालातली ती रिकामी मात्रा, नाही ती नाहीच.

बेसमास्तर

खाली म्हणजे काय वो? आमच्यात खाली म्हणजे जनरेटर बंद पडला.

रात्रपाळी

बेसमास्तर दादा 😂

तारजवारी, याच वर्षीची आणखी एक तबकडी जोडते. १९८२, कॅनडातलं कॅलगरी. रूपा बिस्वास नावाची बंगाली मुलगी गायली, सरोदवर आशिष खाँ. 'डिस्को जॅझ'. तेव्हा चालली नाही, रूपा घरसंसारात रमल्या. २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं ती रीतसर पुन्हा काढली. त्यातलं 'आज शनिबार' ऐका. सरोद आणि डिस्को गिटार एकमेकांच्या पायात न येता चालतात.

नवीन म्हणाल तर या जातीचं काम हल्ली 'तोध तेरी' या नावानं कुणीतरी करतंय, 'डीप इन इंडिया' नावाची मालिका आहे. जुन्या हिंदी-शास्त्रीय तुकड्यांखाली नीट हाऊस. काही एडिट्स फार गोड होतात, काही अचूक.

कंदी_पेढा

हे सगळं विकत कुठून घेता? स्ट्रीमिंगवर अर्धं सापडत नाही, आणि सापडतं ते तीन मिनिटांचं कापलेलं.

विश्रामबागवाला

तीन मिनिटांचं कधीच ऐकू नका. 'एक्स्टेंडेड मिक्स' शोधा. सुरुवातीचे बत्तीस बार नुसते ड्रम असतात, म्हणजे १२० च्या वेगाला चौसष्ट सेकंद. ते डीजेला आधीच्या गाण्यात मिसळायला ठेवलेले असतात, आणि घरी ऐकणाऱ्याला बूड टेकायला. मोठ्या तबकडीवरचं लांब गाणं ही चाल डिस्कोचीच. दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल (एकाच गाण्याची तबकडी) १९७६ची, सालसोल लेबलची, वॉल्टर गिबन्सचं मिक्स. रुंद खाचा मिळाल्या म्हणून बेस दाबून भरता आला.

खरेदी बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांची गाणी थेट विकणाऱ्या साईटवर. फाईल हातात येते, दिलेल्या पैशातला मोठा वाटा कलाकाराला जातो. २०२० च्या मार्चपासून त्यांनी 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू केले, त्या ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडतात. मी यादी करून ठेवतो आणि त्या दिवशी घेतो. कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघा, नव्वद टक्के वेळा तेच असतं. तबकड्या बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नका. माझं एक पार्सल कस्टममधून सुटून आलं तेव्हा आत तबकडीचा पापड झालेला, आणि कुरिअरवाले म्हणतात सही तुमचीच आहे.

हरभटरोड

एवढं सगळं वाचून मी काल नातवाच्या हेडफोनवर ते भैरव ऐकलं. पूर्ण. नातू विचारतोय आजोबा बरे आहात ना.

चांगलं आहे. कंटाळ्याचा मुद्दा मागे घेतो, ग्लासाचा नाही.

तारजवारी

मग एकदा बसूया का सगळे? क्लब-बिब नको. कुणाच्या तरी घरी, बऱ्या स्पीकरवर.

बेसमास्तर

जागा आपली. गोडाऊन नको, पत्र्याचं हाय, पत्रा बी गाणं म्हणतोय. घरावरची बंदिस्त खोली हाय, वीस बाय पंधरा. अठरा इंची आणत नाय, घाबरू नका. दोन बारा इंची आणि एक पंधराचा सब (नुसत्या खालच्या बेसचा स्पीकर). ३० हर्ट्झच्या खालचं काढून टाकतो, सब ८० च्या वर वाजू देत नाय. प्रोसेसरवर ५० ते ७० चा उंचवटा आधी खाली बसवतो, मग तुमचं गाणं लावा.

वेळ दुपारची धरा. नियमानं रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंदच, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. माझ्यावर आधीच पोलीस ठाण्याचं प्रेम हाय.

विश्रामबागवाला

वीस बाय पंधरा म्हणजे वीस फुटांकडून २८ आणि पंधरा फुटांकडून ३७-३८ हर्ट्झ. दोन्ही घुमे किकच्या खाली जातात, दहा बाय बाराच्या मानानं स्वर्ग. सब लांब भिंतीच्या मध्यावर ठेवून बघूया का? कोपऱ्यात नको.

बेसमास्तर

मध्यावर दार हाय.

विश्रामबागवाला

मग दारापासून एक तृतीयांश अंतरावर. आधी केरी चँडलर लावू, तो सेट जुळवायला बरा, किक स्वच्छ आहे. मग केओस इन द सीबीडी, मग जेसी वेअर. लॅरी हर्ड शेवटी.

कृष्णाकाठ

मी येईन. पण सकाळचा भैरव दुपारी लावणार असाल तर आत्ताच सांगा, मी तेवढा वेळ खाली चहाला थांबतो.

तारजवारी

काका, त्या तबकडीवर दुपारची मधुवंतीही आहे. चारला लावतो, मग तर वर याल?

कृष्णाकाठ

चारला चालेल. ललित नको.